केळ निसवायची असेल तर खोड जगवा

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं झाली, दर हिवाळ्यात हिमाने केळ जमिनीपर्यंत जळते, वसंतात पुन्हा फुटते, पानं माणसाच्या उंचीची होतात, पण केळ निसवत नाही, म्हणजे केळफूल बाहेर पडून घड काही येत नाही. तर कोणतं खत घालू? खताने हे सुटणार नाही. तुमच्या केळीला अन्न कमी पडत नाहीये, वेळ कमी पडतोय.

आधी जात पाहा. 'थंडी सोसणारी' म्हणून विकली जाणारी केळ बहुतेक वेळा मुसा बास्जू असते. तिचा कंद जाड आच्छादनाखाली कडक हिमातही तगतो, पण फळात बियाच बिया, खाण्याजोगा गर जवळपास नाहीच. तुमची तीच असेल तर पानांसाठी खुशाल ठेवा आणि फळासाठी दुसरं रोप आणा.

आता मुख्य गोष्ट. केळीचं जे खोड दिसतं ते एकात एक गुंडाळलेल्या सोपटांचं, म्हणजे पानांच्या देठांच्या रुंद तळांचं असतं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि वाढीचा कोंब बराच काळ तिथेच खाली असतो. साधारण ३० ते ४० पानं काढून झाली की तो कोंब पान काढणं थांबवतो आणि केळफूल होऊन सोपटांच्या मधून वर चढतो. चांगल्या उबेत एक पान यायला ७ ते १० दिवस लागतात. तापमान १५ अंशांच्या खाली रेंगाळलं की पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं नवं पान, हलतच नाही म्हणा. तुमच्याकडे उबदार महिने पाच धरले, तर एका उन्हाळ्यात १५-२० पानं. मग हिम येतं, खोड जातं, आणि वसंतात वर येतो तो नवा मुनवा, म्हणजे कंदाच्या बाजूने फुटलेलं पिल्लू. त्याची गणती पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून. चार वर्षं तुमची केळ पहिलीच इयत्ता शिकतेय.

म्हणून कंद जगवून भागत नाही, खोडासकट हिवाळा काढावा लागतो. मी मोठ्या कुंडीत लावतो, ६०-७० लिटरची. रात्री १० अंशांखाली जायला लागल्या की कुंडी आत. प्रखर उजेडाची, १८ अंशांच्या वरची जागा असेल तर केळ हळूहळू वाढत राहते. ती नसेल तर झोपवायची: पोंगा सोडून बाकी पानं कापा आणि ५ ते १० अंशांच्या कोरड्या तळघरात ठेवा. जमिनीत असेल तर कंदासकट उपटून, माती झटकून, तशीच उभी करून ठेवा. मुळं गेली तरी वसंतात नवी येतात.

इथे माझी सर्वांत मोठी चूक सांगतो. दुसऱ्या हिवाळ्यात कीव येऊन मी झोपलेल्या केळीला दर आठवड्याला पाणी घातलं. फेब्रुवारीत खोड दाबलं तर बोट आत गेलं आणि आंबूस वास आला. थंडी आणि ओल एकत्र आली की कंद सडतो. माती अगदी भुसभुशीत कोरडी झाली तरच कपभर पाणी, एरवी हात लावू नका.

जात बुटकी घ्या. बुटकी कॅव्हेंडिश, म्हणजे आपली बसराई, काचघरात फार पूर्वीपासून फळते. जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्यांनी इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ या हवेलीच्या बागेत ती १८३५ मध्ये फुलवली होती. मात्र ऐन निसवणीत गारठा लागला तर तिचा घड खोडाच्या गळ्यातच अडकतो, पूर्ण बाहेर पडत नाही. थंडी थोडी जास्त सोसणारी हवी असेल तर राजापुरी किंवा ओरिनोको पाहा. मी स्वतः आता राजापुरीच लावतो.

मुनवे निर्दयपणे काढा. घड येईपर्यंत एक खोड, नंतर त्याच्या जागी येणारा एक तलवारी (अरुंद, टोकदार पानांचा) मुनवा, बस. उन्हाळ्यात पोटॅश आणि नत्र थोडं थोडं, वारंवार द्या. थंडी सुरू व्हायच्या महिनाभर आधी बंद करा.

पानं एकाएकी आखूड निघायला लागली की निसवण जवळ आली. ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाली तर उत्तम, कारण घड भरायला उबेतही तीन-चार महिने जातात आणि गारव्यात त्याहून बरेच जास्त. त्या वेळी आठेक निरोगी पानं तरी हवीत, नंतर नवी येत नाहीत. वरच्या चार-पाच फण्या ठेवून खालचं केळफूल कापा. परागीभवनाची काळजी नको, खाण्याच्या केळीत फळ त्याविनाच धरतं, बंद खोलीतसुद्धा. शरद ऋतूत घड अर्धवट असेल तर कुंडी सर्वांत उबदार, उजेडाच्या जागी आणा. १३ अंशांखाली फळाची साल काळवंडते आणि ते नीट पिकत नाही.

तुमच्या केळीचं खोड यंदा अजून हिरवं असेल तर आच्छादनाची वाट पाहू नका, याच आठवड्यात उपटून आत घ्या. आत्तापर्यंत किती पानं आली ते मोजलं असेल तर कळवा, निसवण कधीच्या सुमारास येईल याचा अंदाज बांधता येईल.