ठाण्याहून पाठवलेली कोटेशनं ग्राहकांच्या स्पॅममध्ये का जातात?

वागळे इस्टेटमधून निघालेलं कोटेशन महापे एमआयडीसीतल्या ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडतंय, तर आधी मजकूर बदलत बसू नका. कंपनीच्या आयडीवरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल टाका, उघडा आणि तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' दाबा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या कंपनीकडूनच आलाय का, हे पडताळणाऱ्या तीन तपासण्या), तिन्हींपुढे 'पास' हवं. नसेल तर मेल सेवेकडून या तपासण्यांच्या नोंदी घेऊन डोमेनच्या डीएनएसमध्ये (कंपनीच्या वेब-नावाच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत) घालून घ्या. वेबसाइटवाला 'उद्या बघतो' म्हणेल, मागे लागा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल यात कडक झालंय.

आणि वाशीच्या प्रदर्शनात जमवलेल्या व्हिजिटिंग कार्डांवर सरसकट दिवाळी ऑफर पाठवणं थांबवा. वैतागून लोक 'स्पॅम' दाबतात, मग खरी कोटेशनंही त्यात भरडली जातात. तूर्तास नेहमीच्या ग्राहकांना फोन करून 'नॉट स्पॅम' करायला सांगा.