‘पंचायत’ मुलांसोबत बघावी का?

“शिव्या आहेत, दारू आहे, आणि सासरे म्हणतात सगळे मिळून बघू. मी काय करू?” एका आईचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. घरात १३ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी, आजी-आजोबा आणि टीव्ही एकच. मालिका ‘पंचायत’, २०२० पासून प्राइम व्हिडिओवर असलेली. उत्तर प्रदेशातलं फुलेरा गाव, तिथली ग्रामपंचायत आणि नाइलाजाने सचिवाच्या नोकरीवर आलेला शहरी तरुण.

पहिला सीझन सुरू झालाच होता. शिवी आली की ताई रिमोटवर दहा सेकंद पुढे ढकलायच्या. मुलगा नंतर तेवढाच भाग मागे नेऊन ऐकायचा. मग शाळेतून तक्रार आली. आम्ही एवढंच विचारलं, की शिवी आली तेव्हा घरात हसलं कोण? आजोबा. ज्या शब्दावर मोठी माणसं खळखळून हसतात, तो शब्द मूल उचलतं. एपिसोड मध्येच थांबवून भाषण देऊ नका, पुढेही ढकलू नका. संपल्यावर एकच वाक्य: “ते त्यांचं बोलणं, आपल्या घरात चालत नाही.” आणि हे आजोबांनी म्हणायचं, आईने नाही. आजोबा आधी कुरकुरले, पण म्हणाले.

याच सीझनमध्ये कुटुंबनियोजनाच्या घोषणा भिंतींवर रंगवण्यावरून गावात भांडण होतं. मुलीने घोषणेतल्या आजाराचा अर्थ विचारला आणि सगळे छताकडे बघू लागले. मूळव्याध म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. टाळलं म्हणून तो आठवडाभर चालला.

खरं सांगायचं तर शिव्यांची काळजी आम्हाला दुय्यम वाटते. जड आहे तो दुसऱ्या सीझनचा शेवट. (पुढचं कथानक फुटतंय, पण पालकांना ते आधी माहीत हवंच.) उपप्रधान प्रल्हादचा सैन्यातला मुलगा शहीद होतो आणि पार्थिव गावात येतं. इतका वेळ हसवणारी माणसं एकदम कोसळतात, त्यामुळे मुलांना हा धक्का जास्त बसतो. तिसऱ्या सीझनमध्ये त्या बापाचं पिणं आणि एकटेपण आहे, शेवटाकडे गोळीबारही. म्हणून ‘मालिका चालेल का’ असं विचारू नका, सीझन धरून ठरवा. या घरात असं ठरलं: पहिला सीझन सगळ्यांनी, दुसऱ्याचा शेवटचा भाग मुलीशिवाय, तिसरा फक्त मुलगा आणि बाबा. घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा कुणाचं पिणं हा रोजचा ताण असेल, तर मोठ्या मुलासाठीही थांबा.

सगळ्यात चांगला प्रश्न मुलीने विचारला: “प्रधान मंजूदेवी आहेत ना, मग सगळं काका का ठरवतात?” आजी म्हणाल्या, “असंच असतं.” इथे मात्र थांबून बोलायला हवं. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, महाराष्ट्रात निम्म्या. तरी कारभार नवराच बघतो, हे मालिका हसत हसत दाखवते. पहिल्याच सीझनच्या शेवटी मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करून २६ जानेवारीला झेंडा स्वतः फडकवतात. तो भाग झाल्यावर मुलीला विचारा, “आता काय बदललं?” उत्तराची घाई करू नका.

आता सेटिंग. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ओटीटीवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशी वर्गवारी दाखवावी लागते, आणि यू/ए १३+ पासून वर पालकांसाठी लॉक द्यावं लागतं. प्रत्येक सीझनची वर्गवारी वेगळी बघा. मुलांचं प्रोफाइल वेगळं करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा आणि ऑटोप्ले बंद ठेवा. नाहीतर एक भाग बघायला बसलेलं घर तिसऱ्या भागावर उठतं, आणि बोलायचं ते राहून जातं. पिन मुलांच्या वाढदिवसाचा ठेवू नका, त्यांना तोच आधी सुचतो.