रोमन कुपीवरची मोरपिशी झळाळी

प्रश्न : पहिल्या शतकातली रोमन काचेची बोटभर कुपी संग्रहालयात पाहिली. तिच्यावर सोनेरी, मोरपिशी रंग खेळत होते. कारागिरांनी ते कसे चढवले? आणि अशा कुप्यांत मृताचे आप्त अश्रू साठवत, हे खरे का?

उत्तर : ते रंग कारागिराचे नाहीत, मातीचे आहेत. ही काच वाळू आणि नॅट्रॉन नावाचा नैसर्गिक सोडा वितळवून करत. आजच्या इस्रायलमधल्या अक्को शहराजवळच्या बेलस नदीच्या मुखाशी असलेली वाळू त्यासाठी नावाजलेली होती. नॅट्रॉन इजिप्तच्या वादी नत्रूनमधून येई. शतकानुशतके ओल्या मातीत पडून काचेतला सोडा झिरपून जातो आणि वर सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचे, अतिशय पातळ पापुद्रे उरतात. त्यांवर उजेड पडला की साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात. म्हणजे तुम्हाला भावली ती झळाळी ही खरे तर काचेची झीज. जुनी काच जपण्याच्या कामात मी पहिल्यांदा अशा कुपीवरची माती झटकली, तेव्हा ब्रशच्या टोकाला एक सोनेरी कपचा चिकटून आला. तो परत बसवता येत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस माझा हात कचरत होता.

अश्रूंची कथा मागाहून जोडलेली आहे. या कुप्या तेला-अत्तराच्या. मृताला सुगंधी तेल अर्पण करत, म्हणून त्या थडग्यांत इतक्या सापडतात.

इतक्या का, याचे उत्तर फुंकरीत, म्हणजे वितळलेली काच फुंकून फुगवण्यात आहे. आधी मातीच्या गाभ्यावर वितळलेली काच चढवून एकेक कुपी घडवत, मग गाभा कोरून काढत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या मध्याला जेरुसलेममधल्या एका कार्यशाळेच्या कचऱ्यात काचेच्याच नळ्या सापडतात, काहींचे टोक फुंकून फुगवलेले. पुढे लोखंडी फुंकनळी आली आणि कुपी काही क्षणांत होऊ लागली. रोममध्ये तांब्याच्या एका नाण्यात काचेचा पेला मिळतो, असे त्या काळच्या ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने लिहून ठेवले आहे.

पुन्हा गेलात तर कुपीच्या काठाशी, पापुद्रा निघालेल्या जागी पाहा. तिथे फिकट निळसर हिरवी काच दिसेल. तो रंग वाळूतल्या लोहाचा. भट्टीतून निघाली तेव्हा बहुतेक सगळी कुपी तशीच होती, नितळ.