ऐरोलीत प्लॉटवर घर बांधतोय, प्लिंथपर्यंत काम झालं आणि आर्किटेक्ट तीन आठवडे फोनच उचलत नाही. दुसरा घेऊ का?

लगेच दुसरा घेऊ नका, आधी त्याला लेखी नोटीस द्या, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने, कोणते ड्रॉइंग बाकी आहेत, काम कशामुळे अडलंय ते तारखेसकट लिहून सात दिवसांची मुदत द्या. व्हॉट्सअॅपवरच्या निळ्या टिका नंतर फारशा कामाला येत नाहीत. मी ठाण्यात साइट सुपरवायझर आहे, असे मालक दर पावसाळ्याआधी भेटतात, आणि घाईत माणूस बदलला की पालिकेत गाडी अडते कारण मंजूर नकाशावर सही त्याची असते, मग नवीन आर्किटेक्ट नगररचना विभागात रेकॉर्डवर आणायला जुन्याची एनओसी मागतात, आणि तो तर फोनच घेत नाही ना! तेव्हा ही नोटीसच दाखवायला लागते. तोवर

- मंजूर प्लॅन, सीसी (बांधकाम सुरू करायची पालिकेची परवानगी), आरसीसी ड्रॉइंग यांच्या प्रती ताब्यात घ्या (स्ट्रक्चरल इंजिनिअरला डायरेक्ट फोन करा, तो बहुतेक वेळा उचलतो)
- फीचा पुढचा हप्ता थांबवा, झालेल्या कामाचे मात्र देऊन टाका, नाहीतर तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो
- सीसीची तारीख बघा, रिन्यू करावी लागते का ते पालिकेत विचारून घ्या

तरी हलला नाही तर आर्किटेक्टची नोंदणी करणाऱ्या दिल्लीच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे तक्रार करता येते, पण प्लॅनवरच्या शिक्क्यात ‘CA’ ने सुरू होणारा नोंदणी नंबर असेल तरच. पुष्कळदा आपण ज्याला आर्किटेक्ट म्हणतो तो पालिकेचा लायसन्सवाला इंजिनिअर निघतो, मग तक्रार पालिकेतच. आणि फी परत हवी असेल तर ग्राहक आयोग, कौन्सिल पैसे मिळवून देत नाही.