झाडाएवढी कोरफड

प्रश्न : आफ्रिकेत झाडाएवढी कोरफड असते म्हणे. ती खरंच कोरफड का? आणि वाळवंटात तगते कशी?

उत्तर : कोरफडीची अगदी जवळची नातलग. पूर्वी तिला ‘अ‍ॅलो डायकोटोमा’ म्हणत. २०१३ मध्ये वृक्षकोरफडींची ‘अ‍ॅलोइडेंड्रॉन’ ही वेगळी प्रजाती (जीनस) झाली. ही नामिबियाच्या दक्षिण भागात आणि दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात वाढते. नामिबियातल्या कीटमन्सहूप गावाजवळ तिचं वनच आहे. तिथं मी खोडाला हात लावला, तर सोनेरी सालीचे सुटलेले पापुद्रे कडेला चांगलेच धारदार लागले! फांदीवर बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला येते. हीच पूड ऊन परतवते. जाडजूड पानं आणि तंतुमय खोड पाणी साठवतात. फांदी दरवेळी दोन-दोन होत फुटते, म्हणून ‘डायकोटोमा’. काळ्या खडकांच्या फटीत मुळं रोवलेली ही झाडं बघतच राहावीत अशी. हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, पिवळे तुरे येतात आणि मधासाठी सूर्यपक्षी जमतात. तिथले आदिवासी सान लोक पोकळ केलेल्या फांद्यांचे बाणांचे भाते करत. ‘कोकरबूम’, म्हणजे भात्याचं झाड, हे आफ्रिकान्स भाषेतलं नाव त्यावरूनच पडलं. वाईट वाटतं ते एवढंच, की उत्तरेकडच्या तापलेल्या भागात जुनी झाडं वाळत चालली आहेत.