पायराइटयुक्त टेलिंग्जचा भराव आणि स्वस्त बंधक

प्रश्न : धातूच्या काही खाणींत गंधकयुक्त टेलिंग्ज सिमेंटमध्ये कालवून पुन्हा भूमिगत पोकळ्यांत भरतात, असे वाचनात आले. त्यांतून आम्ल तयार होत असेल, तर असा भराव काही काळाने खचणार नाही का? सिमेंटऐवजी आमच्याकडील औष्णिक वीजकेंद्राची राख चालेल का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. धातू काढून घेतल्यावर उरलेल्या बारीक भुकटीत, म्हणजे टेलिंग्जमध्ये, पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असेल, तर हवा आणि पाणी मिळताच त्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते, आणि उघड्या साठ्यात ही क्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. दाट पेस्टच्या रूपात भरलेल्या टेलिंग्जच्या सूक्ष्म छिद्रांत मात्र पाणी धरून राहते व प्राणवायू फार सावकाश आत शिरतो. म्हणूनच ती जमिनीखाली ठेवणे हिताचे असते.

धोका आहे तो बंधकाला, म्हणजे भराव घट्ट धरून ठेवणाऱ्या सिमेंटसारख्या पदार्थाला. पोर्टलंड सिमेंट घट्ट होताना मुक्त चुना आणि ॲल्युमिनेट संयुगे तयार होतात. टेलिंग्जमधील सल्फेट चुन्याशी मिळून जिप्सम आणि ॲल्युमिनेटशी मिळून एट्रिंगाइट बनवते, हे स्फटिक फुगतात, भरावात भेगा पडतात आणि त्या भेगांतून आणखी प्राणवायू आत जातो. ईशान्य तुर्कस्तानातील चायेली या तांबे-जस्ताच्या खाणीत पायराइटचे प्रमाण मोठे आहे. त्या देशात अशा गंधकसमृद्ध टेलिंग्जवर झालेल्या प्रयोगांत नुसत्या सिमेंटच्या नमुन्यांनी सुरुवातीला चांगली ताकद दाखवली आणि पुढील महिन्यांत ती गमावली; अल्कलीने सक्रिय केलेल्या झोतभट्टीच्या स्लॅगचे (लोखंड गाळताना उरणाऱ्या मळीचे) नमुने मात्र ३६० दिवसांपर्यंत टिकले. स्लॅगमुळे मुक्त चुना कमी राहतो आणि छिद्रेही बारीक होतात.

त्यामुळे केवळ २८ दिवसांनंतरच्या ताकदीच्या चाचणीवर विसंबणे मला गैर वाटते. शेजारची पोकळी उपसताना कामगार ज्या भरावाच्या उघड्या भिंतीलगत काम करतात, ती भिंत तेव्हा कित्येक महिन्यांची असू शकते. बंधक वजनाने साधारण ३ ते ७ टक्केच असतो, पण भरावाच्या खर्चातील मोठा वाटा त्याचाच असल्यामुळे काटकसर तिथेच सुचते. नुसते सिमेंट कमी करणे ही काटकसर घातक आहे; सिमेंटचा बराच भाग स्लॅगने बदलणे हा मार्ग स्वस्तही आहे आणि सल्फेटपुढे अधिक टिकाऊही. कॅनडातील खाणींत स्लॅग-सिमेंटची अशी मिश्रणे रूढ आहेत.

आता राखेविषयी. दगडी कोळशापासून मिळणाऱ्या आपल्याकडील राखेत चुना कमी असतो, म्हणून ती एकटी घट्ट होत नाही. तिला सिमेंट, चुना किंवा अल्कलीची जोड लागते. अशी जोड दिली, तर ती सिमेंटचा काही भाग वाचवते, परंतु ताकद सावकाश येते आणि खाणीला पुढील पोकळीसाठी थांबावे लागते. शिवाय विदर्भातील कोळसा व मँगनीजच्या खाणी गंधकयुक्त टेलिंग्जच्या या प्रकारात मोडत नाहीत. हा प्रश्न राजस्थानातील जस्त-शिशाच्या सल्फाइड खाणींसारख्या ठिकाणचा आहे, आणि तिथपर्यंत चंद्रपूरची राख नेण्याच्या भाड्यातच तिचा स्वस्तपणा संपेल. जवळच्या वीजकेंद्राची राख घेऊन, त्याच खाणीच्या टेलिंग्ज आणि त्याच खाणीचे पाणी वापरून, नमुने २८, ९०, १८० आणि ३६० दिवसांनी तपासावेत. बंधकाचे प्रमाण त्यानंतरच ठरवावे.