पिकअपचं स्टिअरिंग 70 च्या वर थरथरतं, उभ्या गाडीत वळवलं की कर्रर्र वाजतं. स्टिअरिंग बॉक्स बदलावा का?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: पॉवर स्टिअरिंगची पिकअप, गोव्यात पेडण्याकडे चिऱ्यांची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) वाहतूक. हायवेला 70 च्या पुढे काटा गेला की स्टिअरिंग हातात थरथरतं. गाडी उभी असताना वळवलं की खालून कर्रर्र येतं. अलाइनमेंट दोनदा करून झालं, फरक पडला नाही, आणि आता मेस्त्री म्हणतात बॉक्सच (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी गिअरची पेटी) बदला.

बॉक्स बदलू नका. आत्ता तरी नकोच. मी वाळपई-म्हापसा मार्गावर चौदा वर्षं पिकअप चालवतोय, आणि भाडं नसलं की मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये पाना धरून बसतो. तुमच्या गाडीला दोन वेगळी दुखणी आहेत असं मला वाटतं, आणि बॉक्स त्यातल्या एकाचंही कारण नसावा. बॉक्स गेला की स्टिअरिंग सैल होतं, सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भरकटते, बॉक्सच्या खालच्या सीलमधून ऑइल गळतं. ठरावीक वेगालाच थरथर येणं हे त्याचं लक्षण नाही. अलाइनमेंटचंही तसंच. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने खात असेल तर अलाइनमेंट. थरथरीला बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. आपल्याकडे दोन्ही एकाच दुकानात होतात म्हणून लोकांना ते एकच काम वाटतं.

थरथरीपासून सुरू करा, कारण तिला पैसे लागणार नाहीत अशी शक्यता जास्त आहे. पुढची दोन्ही चाकं काढून रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. चिरेखाणीतली लाल माती पावसात तिथे जाऊन बसते आणि दोन दिवस ऊन पडलं की वाळून विटेसारखी घट्ट होते. माझ्या गाडीतून एका चाकाला ओंजळभर माती निघाली होती, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावी लागली. बॅलन्सिंगवाला रिमला शिशाचे एवढेएवढे तुकडे लावतो, आणि इथे एका बाजूला ओंजळभर माती! खरवडा, पाण्याच्या प्रेशरने धुवा, हब आणि रिम जिथे टेकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने घासा, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि धारगळच्या सरळ रस्त्यावर रिकामी गाडी एकदा 80 ला नेऊन बघा.

तरी थरथरली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घाला. थरथर स्टिअरिंगमधून जाऊन बसायच्या सीटखाली आली, तर दोष त्या चाकांत आहे. मग बॅलन्सिंग करा, आणि टायरला कुठे फुगवटा आलाय का बघा. चाक जॅकवर घेऊन टायरजवळ स्क्रू ड्रायव्हर टेकवून धरा आणि चाक हळू फिरवा. टायर जवळ-लांब होत असेल तर आतल्या तारा सुटल्यात, तो टायर बॅलन्सिंगने सुधारणार नाही.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क वाकडी. चढावर जोर देताना फ्लोअरमधून येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग. तुम्ही यातलं काही लिहिलं नाही म्हणून त्यात शिरत नाही.

एक मात्र विचारायचं राहिलं: चिरे कसे भरता? मागच्या फळीला टेकवून रचले की मागचं खाली बसतं आणि पुढचा भाग हलका होतो. हलक्या चाकांना छोटा दोषही मोठा वाटतो. त्यात ओला चिरा पाणी पितो, तेवढेच नग पावसाळ्यात जास्त वजन देतात. पहिली रांग केबिनला लागून घाला. रिकामी गाडी अजिबात थरथरत नसेल तर आधी हेच करा.

आता कर्रर्र. यात मी स्वतः फसलोय. माझ्या गाडीला तेव्हा कर्रर्र नव्हे, वळवताना कुंईं असा सूर यायचा. एका गॅरेजवाल्याने पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला म्हणून नवा बसवला. आठ दिवसांत सूर परत. शेवटी मेव्हण्याने स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण काढून मला स्टिअरिंग फिरवायला लावलं. आत ऑइल नाही, चहावर यावा तसा फेस! टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या पाइपची क्लिप सैल होती, पंप तिथून हवा ओढत होता. क्लिप आवळली, पुढची चाकं वर घेऊन इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं, ऑइल भरलं, सूर गेला. जुना पंप तोवर भंगारात गेला होता. तुम्हीही टाकी बघा. ऑइल कमी असेल तर झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलंय तेच घाला. ब्रेक ऑइल घालू नका, आतली रबरं फुगतात. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून टोकाला धरलं की सू-सू होतंच, ते पंपातलं जादा प्रेशर सुटतं. तो बिघाड नाही, फक्त तसं धरून बसू नका.

पण तुमचा आवाज उभ्या गाडीत, खालून आणि कर्रर्र आहे, म्हणून मला ऑइलपेक्षा कोरडेपणाचा संशय जास्त. तुमच्या गाडीला पुढे कमानपाटे असतील तर किंग पिन असणार, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती. त्यांच्यात पाणी-माती शिरली की ग्रीस वाहून जातं आणि लोखंड लोखंडावर घासतं. इथे बहुतेकजण चूक करतात ती अशी, की गाडी जमिनीवर ठेवूनच ग्रीस गन मारतात. सगळा भार किंग पिनच्या बेअरिंगवर असतो, फटीत ग्रीस जातच नाही. पुढचं जॅकवर घ्या, स्टँड लावा, चाकं लोंबकळू द्या, मग निप्पल पुसून ग्रीस मारा. कोणाला तरी स्टिअरिंग हळूहळू फिरवायला लावा. आधी लालसर, पाणचट ग्रीस बाहेर येईल. स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहा. माझ्या गाडीला दुसऱ्या वेळी कर्रर्र आला, तो चोडणच्या फेरीबोटीमुळे. भरतीला उतरताना चाकं खाऱ्या पाण्यात जायची, आणि मी वर्षभर ग्रीस मारलं नव्हतं.

ग्रीसने नाही गेला तर स्टिअरिंगच्या दांड्याच्या (कॉलमच्या) खालचा क्रॉस जॉइंट बघा. इंजिन बंद, चाकं वर, स्टिअरिंग सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागलं तर तो जॉइंट गंजलाय.

चाकं वर आहेतच तर आणखी दोन मिनिटं द्या. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून. वर-खाली हललं तर बेअरिंग किंवा किंग पिन. कोणी ब्रेक दाबून धरल्यावर ते हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर किंग पिन. फक्त डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉडचे एंड, म्हणजे पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याची टोकं. जमिनीवर गाडी घेऊन, कोणाला स्टिअरिंग थोडं-थोडं हलवायला लावून त्या एंडवर बोटं ठेवा. टक् असा धक्का बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. हा एंड सैल निघाला तर बदलेपर्यंत गाडी भरू नका, आणि चोर्ला घाट तर नकोच.

मेस्त्री बॉक्सचा स्क्रू आवळून देतो म्हणाले तर तेही थांबवा. जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

आधी माती आणि ग्रीस, दोन्ही एका रविवारी होतील. रिममधून किती माती निघाली आणि 80 ला काय झालं ते इथेच खाली लिहा, मग पुढचं सांगतो.